हरभऱ्याचा डबा

३ नोव्हेंबर, सोमवार

आज सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी कारखान्याच्या फाटकावर माझा डबा जप्त झाला. डब्यात भाजलेले हरभरे होते आणि वर कापसात गुंडाळलेली अंडी. पहारेकरी म्हणाला, बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, आतल्या बुरशीला बाधतं, आजी. मी म्हटलं, मी कोणाची आजी नाही, आणि डब्याची पावती दे. पावतीपुस्तक ठेवत नाही म्हणाला. विमा कंपनीच्या तक्रार विभागात मी उभी हयात काढली आहे. पावती न देणारा माणूस मला लांबून ओळखू येतो.

एवढं सोडलं तर येणं झकास झालं. भाची फाटकापर्यंत धावत आली आणि भर रस्त्यात गळ्यात पडली. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, गेल्यापासून आम्ही दोघीच एकमेकींना आहोत. कारखान्याच्या आवारात तिला घर मिळालंय. दोन खोल्या, पांढऱ्या भिंती, पूर्वेला खिडकी. माझ्यासाठी तिने मुद्दाम कडक खाट मागवली. कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात सिस्टरांनी लावलेली सवय, मऊ गादीवर मला झोप येत नाही. आता कायमची राहा म्हणाली. विचार करते म्हटलं. मनात केव्हाच ठरलं होतं.

पोरगी चांगली गुबगुबीत झालीय. पूर्वी नुसती काडी होती.

५ नोव्हेंबर

आज तिने कारखाना दाखवला. शेतात उरलेला पेंढा, तुराट्या, भुसा, मक्याची रिकामी कणसं, सगळ्याचे डोंगर. ते भरडून शिजवलं की त्यात दडलेली साखर सुटते आणि गोड पाक तयार होतो. तो पाक टाक्यांतली बुरशी खाते. काचेतून पाहिलं तर पिंजलेल्या कापसासारखी पांढरी. मग ती पिळून तेल काढतात, आणि त्यावर गाड्या चालतात. जन्मभर पावावरची बुरशी मी नाक मुरडून फेकली, आता तिच्यापुढे हात जोडायची वेळ आली.

यातली गोम भाचीने समजावली. बुरशीला गोड भरपूर द्यायचं, पण नत्र तोडायचं. म्हणजे अंड्यात, डाळीत, दुधात जे असतं ते. मग तिची वाढ खुंटते आणि खाल्लेलं सगळं तेल होऊन अंगात साठतं. मी म्हटलं, आमच्या वसतिगृहातही उपाशीच ठेवायचे, पण तिथे लठ्ठ कोणी झालं नाही. पोट धरून हसली. हल्ली पेंढा तेवढाच असून तेल दुप्पट निघतं, हेही तिने अभिमानाने सांगितलं.

८ नोव्हेंबर

कॅन्टीनमध्ये पाव, भात, बटाटे. प्रत्येक टेबलावर त्याच टाकीतल्या पाकाचा जग. अंडं नाही, डाळ नाही, दुधाचा थेंब नाही. आचाऱ्याला विचारलं तर म्हणाला, बाई, कोणी मागतच नाही, फुकट कशाला नासवू.

डब्यासाठी साहेबांना लेखी अर्ज दिला. गोल, तुकतुकीत माणूस. अर्ज उलगडूनसुद्धा पाहिला नाही, बघतो म्हणाले. या शब्दाचा अर्थ मला कोणी शिकवू नये. मीच तो हजारो पत्रांत लिहिलाय. हस्तांदोलन केलं आणि माझा तळवा तेलकट झाला. साबणाने दोनदा धुतला.

११ नोव्हेंबर

भाचीच्या उशीच्या अभ्र्यावर तेलाचा डाग. काल धुतलेला अभ्रा.

तिचं बोट कापलेलं आहे. केव्हाचं, विचारलं तर म्हणाली, पावसाळ्यातलं. अजून भरलेलं नाही. नखं वाढत नाहीत म्हणून कापत नाही. हसतच सांगत होती. मी बोट दाबून पाहिलं. रक्त आलं नाही. पिवळसर, चकचकीत थेंब आला.

वाढ खुंटते आणि सगळं तेल होऊन अंगात साठतं. हे तिनेच मला सांगितलं होतं, टाकीसमोर उभी राहून.

पाक मीही रोज पिते. आवडतो.

१३ नोव्हेंबर

दुपारच्या जेवणानंतर सगळे कुठे जातात ते आज पाहिलं. मागे मागे गेले.

टाक्यांची झाकणं उघडी होती. माणसं ओळीने बसलेली, बाह्या दुमडून, हात कोपरापर्यंत आत. पांढरे तंतू दंडावर चढत होते. सगळ्यांचे चेहरे तृप्त, दूध प्यालेल्या बाळांसारखे. ज्यांच्याकडे तक्रार करायची ते साहेब पहिल्याच जागी.

तिसरी माझी भाची. नावाने हाक मारली. तिने वळूनही पाहिलं नाही.

१४ नोव्हेंबर

फाटक बंद. बाहेर जायला साहेबांची सही लागते.

पहारेकरी पाक प्यायला गेला तेव्हा त्याच्या खोलीत शिरले. फळीवर डबेच डबे. डाळी, दुधाची भुकटी. इथल्या प्रत्येकाने घरून काही ना काही आणलं होतं. माझा डबा उचलला. अंडी नासली होती. हरभरे चांगले होते.

लहानपणी औषध पाजायचे तसं नाक दाबून भाचीला मूठभर चारले. दुपारी पुन्हा. संध्याकाळी रडायला लागली. मावशी, मला इथून ने म्हणाली. तीच. माझी.

पेंढ्याच्या ट्रकचा ड्रायव्हर बाहेर राहतो. त्याचे हात कोरडे आहेत, मी धरून पाहिले. उद्या सकाळी रिकाम्या ट्रकमध्ये ताडपत्रीखाली बसवून नेईन म्हणाला. उरलेले हरभरे सकाळसाठी ठेवलेत. ते पोटात असले तरच ती चालेल.

१५ नोव्हेंबर

डबा रिकामा.

भाचीवर ओरडले. ती नुसती बघत होती. माझ्या हातांकडे.

मोरीच्या जाळीत हरभरे. माझ्या नखांत त्यांची सालं. मी — कधी उठले, का ओतले —

ट्रकने दोनदा हॉर्न दिला. तिला ओढलं. उठली नाही. मग माझेही पाय —

ट्रक गेला.

१७ नोव्हेंबर

पानावर हात टेकला की कागद काचेसारखा होतो. मागची अक्षरं पुढे दिसतात. पेन निसटतंय.

हे ज्याच्या हाती पडेल त्यास. साहेबांना लिहून उपयोग नाही, ते आता माझ्या शेजारीच बसतात.

तक्रार. ३ नोव्हेंबर, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटं. माझा डबा घेतला. पावती दिली नाही.

आधी भाचीला बाहेर काढा. माझं नंतर —

लेखी उत्तर हवं. बघतो चालणार नाही. २० तारखेला दुपारी बाराच्या आत. सोबत डबा परत करावा, भरलेला. त्यात होते — पिवळे, टणक, दाताखाली — काय म्हणतात त्यांना — मी रोज —

दारात भाची उभी आहे. बाह्या दुमडल्यात. चल म्हणते. आणि मला इतकं बरं वाट