रागिणीला द्यायच्या घराची अट

मी, मसाजी लक्ष्मण कऱ्हाळे, वय बासष्ट, मूळ गाव पुसेगाव, हल्ली मुक्काम हिंगोली, धंदा रेडिओ दुरुस्ती व एसटीडी बूथ, कुणाच्याही दाबाखाली न येता हे लिहून ठेवतो. डोकं शाबूत आहे. कान जरुरीपेक्षा जास्त शाबूत आहेत, त्याचीच सगळी तकलीफ.

१. माझी मिळकत स्वकष्टाची आहे. वडिलांनी मेंढरं दिली होती, ती विकून मी दुरुस्तीची हत्यारं घेतली.

२. दुकान, बूथ व सगळी हत्यारं मुलगा शिवहार यास. गिऱ्हाइकाशी गोड बोलावं, हे त्याला लिहून द्यावं लागतं.

३. राहत्या घरात पत्नी सुभद्राबाई हिला तहहयात राहण्याचा हक्क. तिच्यामागे घर मुलगी रागिणी हिला. इथं मला अट घालायची होती: रागिणीनं औरंगाबादची प्रयोगशाळा सोडून हिंगोलीत यावं, तरच घर. कारण लिहितो.

रागिणी तिथं कॅन्सरच्या औषधासाठी नवनवीन रसायनं तयार करते आणि बाटलीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर टाकून पाहते. हे मला आधी नीट ठाऊक नव्हतं. एका दिवाळीला आली, बूथमध्ये शिरली आणि फोनवर प्रयोगशाळेतल्या आपल्या मार्गदर्शक सरांना म्हणाली, "सर, माझी लेकरं उपाशी हायेत, आज पाजाच." काचेपलीकडून मी ऐकलं. पोरीनं गुपचूप लग्न केलं, लेकरंही झाली, असं समजून मी टोपडी घेऊन औरंगाबाद गाठलं. तिनं सूक्ष्मदर्शकातून पेशी दाखवल्या. "हीच माझी लेकरं, आबा."

"मारायच्याच हायेत तर पाजतीस काहून?"

"उपाशी ठेवल्या तर भुकेनं मेल्या का माझ्या औषधानं, कसं कळंल?"

बोलली बराबर. पण दर सणाला ती जेवण अर्धं टाकून त्यांना पाजायला पळाली. मी तापानं फणफणलो तर शिवहारला फोनवर गोळ्यांची नावं कळवली. जे मारायचं त्याची एवढी उठाठेव, आणि बाप आपला आपण बरा होतो.

त्याहून वाईट ते सर. गेल्या उन्हाळ्यात ती इथं असताना प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्याचा बूथवर फोन आला: तिच्या नव्या रसायनानं कॅन्सरच्या पेशी मेल्या, निरोगी टिकल्या. मी दोन हातांच्या अंतरावर बसलेलो. तिनं पहिला नंबर सरांचा फिरवला, आणि मला म्हणाली, "आबा, जरा बाहेर थांबता का?" माझ्याच बूथबाहेर मी उभा राहिलो. ती रडत होती, आणि धीर ते देत होते.

अट वाचून दाखवल्यावर सुभद्राबाई म्हणाली, "ते औषध अजून उंदरांवर, मंग माणसांवर बघायचं हाय म्हणती. पोरगी यील तुमच्या मायेपायी. काम तिथं अर्धं मरंल. मंग रोज तिचं पडेल तोंड बघत बसा."

मी बसणार नाही, मी मेलेलो असणार, असं मी म्हणालो. तिनं अटीवर बोट ठेवून पेन पुढं केलं.

सबब अट रद्द. घर रागिणीस विनाअट. ठेवावं, विकावं, प्रयोगाला लावावं. शिवहारनं हरकत घेऊ नये.

४. सर कधी या घरी आले तर त्यांना पोटभर जेवू घालावं. माझ्या खुर्चीवर बसवू नये.

वाचून, समजून, आपल्या हातानं सही केली.

मसाजी लक्ष्मण कऱ्हाळे

साक्षीदार: १. जमील शेख, घड्याळवाले २. फुलसिंग राठोड, शेजारी

हिंगोली, ९ फेब्रुवारी २००४