तीन ठिपक्यांची बंदूक

बिशान, सिंगापूर
दसऱ्यानंतरचा शनिवार

ती. दीनानाथदादास,

अकराव्या मजल्यावरून धाकट्या निशिकांतचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांतून गुडघे वगळावेत असं इथल्या डॉक्टरांचं मत पडलं, तेव्हा नमस्कार तेवढा कमी धरावा.) इकडे सगळे ठीक. सारंग ऑफिसात सुखी आहे, सूनबाई अश्लेषा बँकेत दमते, जाईला मराठी समजतं पण ते ती कुणाला कळू देत नाही, आणि नीताची कंबर पूर्ववत, म्हणजे तक्रारीपुरती दुखते. तिकडची खुशाली कळवावी असं लिहिणार होतो, पण पत्र लिहायचं कारणच हे, की तू फोन उचलत नाहीस.

गणपतीत तुझा चष्मा फुटला आणि तू तो अजून केला नाहीस, हे शेजारच्या रवींद्रकडून कळलं. म्हणून या कागदांचे फोटो काढून त्याच्या फोनवर पाठवतोय, तो तुला वाचून दाखवेल. रवींद्रा, दादाला ओटीवर खुर्ची दे, तोंड रस्त्याकडे, पाठ माजघराकडे. सावकाश वाच. कंसातलंही वाच, मी पत्र कंसांसाठीच लिहितो. आणि दादा, आपल्या अप्पांचा नियम तुला ठाऊक आहे: आलेलं पत्र पुरं ऐकल्याशिवाय उठायचं नाही. अप्पांनी तो मामांच्या मृत्यूची बातमी आली तेव्हाही पाळला होता, आणि ती बातमी शेवटच्या ओळीत होती.

सुलेखावहिनीच्या वर्षश्राद्धाला आपण शेवटचं बोललो. तू म्हणालास, यंदा भात लावलं नाही. मी म्हटलं, बरं केलंस, वयाला विश्रांती हवी. मग तू म्हणालास, डुकरांना खायला आता काही नाही, तरी बंदूक ठासून ठेवलीय. मी विचारलं, कशाला? तू म्हणालास, असू दे, आणि फोन ठेवलास. ते 'असू दे' तेव्हापासून माझ्या कानात बसलंय. बाकी काही नाही. आता मुख्य हकिगत ऐक.

दुपारचा चहा झाला की नीता मराठी बायकांच्या घोळक्यात बिशान पार्कला फिरायला जाते आणि घरात मी आणि टीव्ही उरतो. केबलवर एक चॅनल आहे (नाव लिहीत नाही, आमचं प्रकरण चालू आहे). त्यावर अमेरिकेतल्या एका गावातलं बंदुकांचं दुकान दाखवतात. नाटक नाही, सिनेमा नाही. खरं दुकान, खरी गिऱ्हाइकं, आणि कोपऱ्यात कॅमेरा. बर्नी नावाचा जाडा मालक आहे, त्याला दोन मुलगे आहेत आणि त्यांचं आपसांत पटत नाही, एवढं मात्र आपल्याकडच्या दुकानांसारखं. लग्नाच्या बस्त्याला साड्या उलगडाव्यात तशा ही माणसं बंदुका मांडतात. गिऱ्हाईक वजन बघतं, बायकोला विचारतं, बायको दुसरा रंग मागते. हे मी अशा देशात बसून पाहतो, जिथे विमानतळावर बॅगेत रिकामं काडतूस सापडलं तरी माणसाचं विमान चुकतं आणि त्यानंतरही बरंच काही चुकत जातं.

तर हा बर्नी कॉफीचा उष्टा मग बंदुकीच्या दस्त्यावर ठेवायचा. त्याने खंडेनवमीला बंदुकीला फूल वाहावं अशी माझी अपेक्षा नाही, पण शस्त्रावर उष्टं? मला पाहवेना. मी चॅनलकडे रीतसर तक्रार केली. त्यांच्याकडे तक्रारींचे ठरलेले प्रकार आहेत: हिंसा, भाषा, धर्म आणि इतर. उष्ट्याची सोय नव्हती, म्हणून 'इतर' निवडलं. उत्तर आलं की आपला अभिप्राय संबंधितांपर्यंत पोहोचवला आहे. (बँकेत जन्मभर हेच उत्तर मी लोकांना पाठवत आलो, त्यामुळे काहीही पोहोचलेलं नसतं हे मला पक्कं माहीत.) पुढच्या शुक्रवारी तोच भाग पुन्हा लागला. जाई जाता जाता म्हणाली, "आजोबा, same one lah." तोच होता. तीच गिऱ्हाइकं, तेच भांडण. बर्नी कॉफीचा मग घेऊन आला, दस्त्यापाशी क्षणभर थांबला, कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि तो मग खाली स्टुलावर ठेवला.

मी मनात म्हटलं, गेल्या वेळी आपलंच लक्ष नसेल. माणूस स्वतःची समजूत फार स्वस्तात काढतो.

त्याच भागात नंतर मला भिंतीवर ती दिसली. चकचकीत रायफलींच्या रांगेत, अगदी वर, एक जुनी ठासणीची बंदूक. दस्त्याला तांब्याची पट्टी, नळी खाली करून टांगलेली. आणि दस्त्यावर तीन ठिपके: दोन कुंकवाचे, एक हळदीचा. दादा, जगात सगळे लोक शस्त्राला कुंकू लावत असतील, पण हळदीचा तिसरा ठिपका फक्त आपल्या घरात. एक कुंकू बंदुकीला, एक बंदूकवाल्याला, आणि हळद डुकराला, बिचाऱ्याला लागलंच तर औषध म्हणून, हा वहिनीचा हिशेब. (तू आयुष्यात एकही डुक्कर मारलं नाहीस. सगळ्या गोळ्या आंब्यावरून गेल्या. वहिनी म्हणायची, माझी हळद लागू पडते.)

मी दुसरी तक्रार केली: आमच्या घरची बंदूक परवानगीशिवाय दाखवली जात आहे. यावर फोनच आला. चॅनलच्या तोआ पायोहच्या ऑफिसातून आर्या नावाची मुलगी बोलत होती, मूळची ठाण्याची. आडनाव वाचून तिने मराठीतच सुरुवात केली. म्हणाली, "काका, हा भाग तीन वर्षांपूर्वीचा आहे. मी थांबवून थांबवून पाहिला. त्या भिंतीवर जुनी बंदूक एकही नाही." मी म्हटलं, बेटा, तीन वर्षांपूर्वी ती बंदूक आमच्या माजघरात खुंटीवर होती, त्यामुळे तुझं बरोबर आहे.  मग तिने मला जेवण वेळेवर होतं का ते विचारलं. घरात म्हाताऱ्या माणसांची सवय असलेली मुलगी दिसते.

त्यापुढच्या शुक्रवारी बंदूक एक खुंटी खाली होती.

मी नीताला काही बोललो नाही, कारण ती रक्तदाबाच्या गोळ्या मोजायला बसते. पुढच्या वेळी ती आणखी खाली आली, बर्नीच्या डोक्याच्या उंचीला. त्याला ती दिसत नव्हती. तो तिच्यासमोरून ये-जा करत होता आणि मुलांवर ओरडत होता. त्या दिवशी अश्लेषा घरून काम करत होती. पाणी प्यायला बाहेर आली, टीव्हीकडे पाहून म्हणाली, "बाबा, त्या दुकानात झेंडू कुणी वाहिला हो?" आणि आत निघून गेली. मी चष्मा पुसून पाहिलं. नळीला झेंडूचं फूल अडकवलं होतं, आणि ते ताजं होतं. तीन वर्षांपूर्वीच्या चित्रफितीत फुलावरून पाण्याचा थेंब गळत होता. ती खंडेनवमीच्या आधीची गोष्ट. आणि यंदा आपण काहीच करणार नाही हे तू वर्षश्राद्धालाच सांगितलं होतंस.

आता स्वेटरकडे येतो. (रवींद्रा, घसा सुकला असेल तर पाणी पी, पण उठू नकोस. तांब्या शेजारी ठेवायला मी फोनवर सांगितलंच होतं.) वहिनीने चिपळूणच्या क्लासात विणकाम शिकून घेतलं, आणि शिकलेलं वाया जाऊ नये म्हणून आपल्या दोघांना एकाच लोकरीचे दोन तपकिरी अर्धे स्वेटर विणले. एक कोकणासाठी आणि एक सिंगापुरासाठी. दोन्हीकडे थंडी नाही हे तिला कळत होतं, पण माया हवामान बघून करायची नसते असं तिचं म्हणणं. दोन्ही स्वेटरांत पाठीवर डाव्या खांद्याखाली एक ओळ उलटी पडली आहे. तिने ती उसवली नाही, म्हणाली, हरवलात तर ओळख पटेल. त्या झेंडूच्या शुक्रवारी बर्नीच्या दुकानात एक गिऱ्हाईक पाठमोरं उभं होतं. ते आधीच्या वेळी नव्हतं. पांढरे केस, खांदे पडलेले, अंगात तपकिरी अर्धा स्वेटर, डाव्या खांद्याखाली एक ओळ उलटी. मी उठून कपाट उघडलं. माझा स्वेटर जागेवर होता, डांबरगोळ्यांसकट.

म्हणजे तो तुझा, दादा.

तू काहीही करत नव्हतास. रांगेत उभा असल्यासारखा उभा होतास. तुझ्या पुढची माणसं एकेक करून कमी होत होती. मला भीती वाटली. भुताची वगैरे नाही, त्या वयातून आपण केव्हाच बाहेर पडलो. तुझा नंबर येईल याची भीती वाटली. फोन लावला, तुझ्याकडे वाजत राहिला. आणि गंमत सांगतो, टीव्हीतल्या दुकानातही कुठेतरी फोन वाजत होता. बर्नीने मान वर केली, तू केली नाहीस. मी ठेवला तेव्हा तो थांबला.

तिसरी तक्रार केली. एवढंच लिहिलं: कृपया त्या गिऱ्हाइकाला बंदूक देऊ नये. आर्याचा फोन आला. या वेळी ती समजूत घालत नव्हती. तिने विचारलं, काका, तुमचे कोण? मी सांगितलं, भाऊ, एकटाच असतो. ती म्हणाली, प्रकार काय टाकू? मी म्हटलं, 'इतर'च टाक, आमच्या घरची सगळी दुःखं त्यातच बसतात. ती हसली नाही. म्हणाली, पोहोचवते. मला वाटतं, या वेळी तिने खरंच कुणाला तरी पोहोचवलं.

काल पुन्हा तोच भाग लागला. तुझ्या पुढे कुणी नव्हतं. बंदूक आता भिंतीवर नव्हती, गल्ल्यावर होती, तुझ्या हाताच्या अंतरावर. तू हात पुढे केलास. बर्नीने मुलांना गप्प केलं. आणि दुकानाच्या मागे गोदामाचा जो पडदा आहे (दर वेळी पाहिलाय, मागे खोक्यांशिवाय काही नसतं), त्यातून एक हात बाहेर आला. हिरव्या बांगड्या, बोटांना हळद, मनगटावर भाजल्याचा जुना डाग. हात घाईत नव्हता. दूध उतू जायच्या आत पातेलं उतरवावं तशी त्याने ती बंदूक दस्त्याला धरून उचलली आणि आत नेली. पडदा हलत राहिला. बर्नी तुला म्हणाला (खाली इंग्रजीत अक्षरं येतात, मी नीट वाचली), "माफ करा साहेब, घरातून नकार आहे." स्टुलावरचा कॉफीचा मग बाजूला सारून तू तिथे बसलास. मग जाहिराती लागल्या, आणि जाहिरातींनंतर दुसराच भाग होता.

असो. नीताने तुला नमस्कार सांगितलाय. जाई म्हणते दीनाआजोबांना टीव्हीवर बघायचंय. मी तिला म्हटलं, टीव्हीवर नको, प्रत्यक्ष बघू. तब्येतीला जप, आणि चष्मा कर.

तुझा, तक्रारखोर म्हणून इथे प्रसिद्ध झालेला भाऊ,
निशिकांत

ता. क. : अश्लेषाने पत्र वाचलं. ती म्हणते, झेंडूबद्दल ती काही बोललीच नाही, त्या शुक्रवारी ती ऑफिसात होती. मी वाद घातला नाही. मग त्या दिवशी स्वयंपाकघरात पाणी कोण पीत होतं, हेही विचारलं नाही.

ता. क. २ : दादा, आता राग येईल असं लिहितो. पत्र लांबलं ते उगीच नाही. तू ओटीवर रस्त्याकडे तोंड करून बसलास तेव्हा पोलीस पाटील सुबोध मागच्या दाराने माजघरात आला होता. खुंटीवरची बंदूक काढायला, ती रिकामी करायला आणि ठाण्यात जमा करायला निघायला जेवढा वेळ लागतो, तेवढं लांब लिही असं त्यानेच मला सांगितलं होतं. उष्ट्या मगाचं मी जरा वाढवून सांगितलं. स्वेटरचं नाही. ठिपक्यांचंही नाही. जमा करण्याच्या अर्जावर तुझी सही लागते, तो सुबोधच्या खिशात आहे. सही कर. वहिनी गेल्यावर मला मोठं असं माणूस तूच उरला आहेस, आणि मला आता नवीन मिळणार नाही.

ता. क. ३ (फक्त रवींद्रासाठी, पण मोठ्याने वाच) : सुबोध बंदूक घेऊन पुढे आला की दस्ता बघ. दादाने यंदा पूजा केलेली नाही. ठिपके नसले तर तसं कळव. असले, आणि ओले असले, तर काही न बोलता दादाच्या हातात दे, त्याला एकदा हात लावू दे, आणि मग ने.

ता. क. ४ : दादा, या प्रकाराबद्दल तुझी तक्रार असणार, आणि ती रास्त आहे. आमच्याकडे ती लेखी घेतली जात नाही. मी रवींद्रला सांगितलंय, शेवटच्या ओळीआधी थांबून मला फोनवर एक खूण कर, म्हणजे मी तुझा नंबर लावतो. आता वाजतोय तो फोन माझा आहे. उचल.