तांबड्या गव्हाशेजारची तुती

२० एप्रिल, सकाळ
रेशमाच्या अळ्यांची पेटी आली. चुलीची उबदार खोली त्यांना दिली, मी अंगणातल्या बाजेवर. बायको, मस्तुरा, मुलीला घेऊन मॉस्कोला शिवणकामाला गेली त्याला तीन वर्षं झाली. परवा फोनवर म्हणाली, मधमाश्या बुडवून झाल्या, टर्की कोंबड्या बुडवून झाल्या, आता एक पेटी अळ्या एकट्यानं कोषापर्यंत न्या, मग आम्ही दोघी येतो. यात अवघड काय? पानं टाकायची, रेशीम काढायचं. आजपासून मी नवा सोत्वोल्दी.

२४ एप्रिल
शेजारच्या झेबिनिसो मावशी बघून गेल्या. म्हणे अळ्या लहान आहेत, कोवळी पानं बारीक चिरून घाल, थोडी थोडी, सारखी. मी सकाळी एकदाच भरपूर घालतो. शिस्त लागते. दुपारपर्यंत पानं वाळतात, पण भूक असेल तर खातील.

१ मे
पाऊस. पानं ओलीच घातली. मावशी म्हणाल्या, पुसून घाल, जुलाब होतील त्यांना. अळ्यांना जुलाब! एकटाच हसलो.

३ मे
झाले. दोन ट्रे फेकले. बाकी मंडळी झकास.

९ मे, रात्री
मस्तुराचा फोन. म्हणाली, फोन जरा ट्रेजवळ धरा. धरला. बराच वेळ ऐकून म्हणाली, या वयात खाण्याचा आवाज कसा सरीसारखा यायला हवा, ह्या तर आजाऱ्यासारख्या कुरतडतायत. मोठी, भरलेली पानं घाला, रात्रीही उठा, आत्ता उपाशी राहिल्या तर कोष कागदासारखे होतील. नेटवर्क खराब आहे, असं सांगितलं.

उद्यापासून रात्री उठणार.

११ मे
उठलो नाही. परवापासून.

१२ मे
गावातल्या सगळ्या तुती ओरबाडून झाल्या. पण कालव्यापलीकडे, तांबेरा पडलेल्या गव्हाच्या कडेला, अख्खी रांग शिल्लक. पानं तळहाताएवढी, गर्द हिरवी. कोणी हातही लावलेला नाही. लोकांना डोळे नाहीत. गाडीभर आणली. मावशींना सांगितलं नाही, उगाच सगळं गाव धावेल.

खातायत! शेवटी मला हे काम कळलं.

१३ मे
डोकी वर करून झुलतायत. समाधान असावं.

संध्याकाळी: हिरवं ओकतायत. मावशींना बोलावलं. त्यांनी एक पान हुंगलं आणि खाली टाकलं. म्हणाल्या, गव्हावर परवा फवारणी झाली, साऱ्या गावाला ठाऊक आहे रे, तू कुठे होतास? मी बाजेवर होतो.

१४ मे
खोलीत काही हलत नाही. फावड्यानं भरून नेल्या. रडलो. लिहायला हरकत नाही, वाचतंय कोण.

१५ मे, रात्री
फोन. पुन्हा म्हणाली, धरा ट्रेजवळ. आज खरं सांगायचं ठरवलंच होतं. पण हात पुलावाच्या तांदळाकडे गेला. रिकाम्या ट्रेत कागदावर बारीक धार सोडत राहिलो. तिनं मुलीलाही ऐकवलं. मग मस्तुरा रडायला लागली. म्हणाली, तुम्हाला जमेल असं वाटलं नव्हतं हो मला.

उद्या सांगेन.

१६ मे
तिनं नोकरी सोडली. तिथली भाड्याची खोलीही सोडली. बसची तिकिटं काढली. इतकी खूश होती, मूड कशाला घालवायचा? समोरासमोर सांगितलेलं बरं. मावशींकडे दोन टोपल्या कोष उसने मागितले. त्यांनी दार लावून घेतलं. वयानुसार स्वभाव बदलतो.

१९ मे
खोलीला चुना मारला. वास बराच कमी झालाय. खिडकीत फुलंही ठेवली. बायका अशा गोष्टी बघतात.

२१ मे
आल्या. मस्तुरा दारापाशी उभी राहिली. भिंती बघितल्या, ट्रे हुंगला. विचारलं, कुठली पानं? मी म्हटलं, कालव्यापलीकडची. तिनं ट्रे खाली ठेवला. चहाही घेतला नाही. मुलीला घेऊन मावशींकडे झोपायला गेली. प्रवासाचा शीण असणार. बॅगा इथेच ठेवल्यात, हे चांगलं लक्षण.

२२ मे, सकाळ
मुलगी बॅगा न्यायला आली. पुष्कळ उंच झालीय. बाहेर टॅक्सी उभी होती, मस्तुरा आत बसलेली. मुलीनं करंगळी पुढे करून विचारलं, बाबा, अळ्या एवढ्या झाल्या होत्या?

हो म्हणालो. निम्म्याही नव्हत्या.