नागिणीची हद्द

शेवा, ता. ७ मार्च १९३४

तीर्थरूप शिवदासदादास केसरचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पोरं खुशाल हायत, मिठागरंही यंदा भरलीत. पण ह्यांच्या कमरेला नागीण उठलीय. पाठीपासून पोटाकडे लालभडक फोडांची रांग, सदरा टेकला तरी ओरडतात. सासूबाई म्हणतात, तोंड शेपटीला मिळालं की माणूस जातो, त्याआधी डागून तोडायची. काल भगत आला, चुलीत कोयता लाल केला. चांगदेव भावोजी सख्ख्या भावाच्या छातीवर बसले! मी फावडं उचललं न् भगताच्या नडगीवर घातलं. भावोजींनी अशी हाणली मला की दात हलतोय. मेला भगत अमावास्येला पुन्हा येणार हाय. दादा, डॉक्टरला विचार, खरंच मरतात का रे? मला फार भ्या वाटतं.

धाकटीवर माया असू दे.

तुझी केसर

मुंबई, ता. १० मार्च

चि. सौ. केसर हिस अनेक आशीर्वाद.

फावड्याचं वाचून गोदीतली माणसं हसली, मी नाही. चांगदेवचे दात मी येऊन पाडीन. डॉक्टर म्हणाले, हा आजार कांजिण्यांच्या जातीचा. एकाच अंगाला उठतो, सहसा कणा ओलांडत नाही. मग तोंड-शेपूट मिळणार कुठून? आणि मिळाली तरी त्याने कुणी मरत नाही. दोन-तीन आठवड्यांत खपल्या धरतात, कळ मात्र रेंगाळते. फोड फोडू नका, स्वच्छ नि कोरडे ठेवा, कांजिण्या न आलेली लेकरं लांब ठेवा. डागलं तर मांस सडेल, जीव त्याने जाईल. कण्यावर आणि बेंबीवर गेरूची रेघ ओढ, सासूबाईंना सांग, हा बांध, पलीकडे ती जात नाही. तू मात्र आता कुणावर हात उगारू नकोस, बाई.

जिवाला जप.

तुझा दादा शिवदास

शेवा, ता. २९ मार्च

रा. रा. शिवदासभाऊंस दयारामचा नमस्कार.

अक्षर माझं पाहून दचकू नका, केसर बरी हाय. रेघ तिने ओढली, पत्र आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, डॉक्टरला नागिणीचं काय कळतंय! अमावास्येला मला खांबाला बांधलं. लाल कोयता बरगडीपाशी आला. केसरने हात उगारला न्हाय भाऊ, तुमचा शब्द पाळला. नुसतं पातं मुठीत धरलं. कातडी जळल्याचा वास घरभर सुटला तरी सोडेना. मग चांगदेवनेच भगताला बाहेर ओढला, तोंड फुटेस्तोवर हाणला, आणि अंगणात बसून ऊर बडवत राहिला.

फोड रेघेच्या अलीकडेच थांबले. माझ्या अंगावर एकही डाग न्हाय आणि तिची तीन बोटं उघडत न्हायत. मला लाज वाटते, भाऊ. माझ्यावर राग असला तरी एकदा येऊन तिला भेटा.

आई तिला स्वतःच्या हाताने भरवते आणि रडते. केसर म्हणते, रडा मागून, आधी कालवणात मीठ घाला.

आपला मेहुणा,
दयाराम