बाबांच्या पाटीवरचे बुडबुडे

ती. ताईस,

नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देत असेल असं धरून चालतो. देत नसेल तर उत्तमच, हे पत्र बसून वाचलेलं बरं. इकडे सगळं ठीक. बाबांची तब्येत चांगली आहे, म्हणजे गेल्या आठवड्यापेक्षा जास्त बोलतात. माझी सांगण्यासारखी नाही, पण मी आजारीही नाही.

बाबांच्या शाळेनं जुनी प्रयोगशाळा पाडली. तिथे पिण्याच्या नळाशेजारी त्यांच्या नावाची संगमरवरी पाटी होती (नोकरीला पंचवीस वर्षं झाली तेव्हा बसवलेली), ती शिपायानं गोणपाटात गुंडाळून घरी आणून दिली. नळाचं पाणी जड, वर्षानुवर्षं उडून पाटीवर पांढरा थर साचलेला. एक अक्षर वाचता येईल तर शपथ. बाबा म्हणाले, राहू दे तशीच, भिंतीकडे तोंड करून ठेव. मला वाटलं, विनय. (बाबा आणि विनय. माझं चुकलं ते इथेच.) गेल्या आठवड्यात त्यांना एक्याऐंशी पूर्ण होणार होती, म्हणून ठरवलं, पाटी चकचकीत करून समोर ठेवायची.

आता तो थर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. कार्बोनेटवर आम्ल पडलं की क्षार, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड मिळतो, हे वाक्य मी बावीस वर्षं फळ्यावर लिहितो आहे. झोपेत विचारलं तरी सांगेन. मुलांच्या मते शिकवतोही झोपेतच. संडास धुण्याचं ॲसिड घेतलं, दहापट पाण्यात मिसळलं (पाण्यात ॲसिड घातलं, ॲसिडमध्ये पाणी नव्हे, तेवढं शिक्षण वाया गेलेलं नाही), पाटी न्हाणीघरात आडवी ठेवली आणि वर ओतलं. काय फसफसलं म्हणून सांगू. थर असा विरघळू लागला की मला स्वतःचं कौतुक वाटलं. तेवढ्यात तुझ्या भावजयीच्या मामांचा फोन आला. मामांना गॅसेसचा त्रास आहे आणि तो ते पहिल्यापासून सांगतात.

चाळीस मिनिटांनी परत आलो तर थर केव्हाच संपला होता आणि बुडबुडे चालूच होते. थर संपल्यावर बुडबुडे कशाचे, हा प्रश्न मी परीक्षेत दोन गुणांना विचारतो. संगमरवरही कॅल्शियम कार्बोनेटच, ताई. आम्लाला घाण कुठली आणि बाबा कुठले, ते कळत नाही. अक्षरं मुळात वरवर खोदलेली, शाळा त्यांत दरसाल काळा रंग भरायची. तो रंग चहाच्या सायीसारखा तरंगत होता.

मी घाबरून खाण्याच्या सोड्याचा अख्खा डबा ओतला. तत्त्वतः बरोबरच, उरलेलं आम्ल त्यानं मरतं. पण सोडाही त्याच घराण्यातला. जो फेस उठला तो दाराखालून पॅसेजमध्ये गेला, आणि तिथे बाबा उभे होते. मागे तुझी भावजय. ती एवढंच म्हणाली की आज ती केक करणार होती.

बाबांनी काठीनं फेस बाजूला सारला, पाटी पाहिली आणि मला समीकरण लिहायला सांगितलं. मी, वय वर्षं बावन्न, न्हाणीघराच्या आरशावर फेसानं लिहिलं. आम्लापुढचा दोन विसरलो होतो. तो त्यांनी काठीच्या टोकानं दाखवला. मग मी स्टुलावर बसलो. तुला म्हणून सांगतो, रडू येत होतं. त्या माणसाच्या नावाची एवढीच एक वस्तू जगात होती आणि ती मी गटारात सोडली होती.

बाबा वाकून पाटीवरून बोट फिरवत होते. सगळं गुळगुळीत, फक्त मधे एक अक्षर शिल्लक होतं. ण. त्यांनी मला ते वाचायला लावलं आणि म्हणाले, "रसायणशास्त्राचे आधारस्तंभ. कारागिरानं बरोबर न खोदला होता. मुख्याध्यापकांनी त्यावर ण करून घेतला. म्हणून तेवढंच खोल."

मुख्याध्यापकांनी एवढ्या प्रेमानं पाटी लावलेली, त्यामुळे बाबांना काही बोलता येईना. मुलांना तर त्यांनी त्या चुकीबद्दल वर्गाबाहेर उभं केलं असतं. मग निवृत्तीपर्यंतची नऊ वर्षं ते घरून पाण्याची बाटली नेत राहिले. आठवतं? आई रोज भरून द्यायची, आणि आपण समजायचो की बाबांना शाळेचं पाणी सोसत नाही.

एवढं सांगून ते हसायला लागले. कवळी काढून हातात धरावी लागली. आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. पाटी आता दिवाणखान्यात आहे, तोंड आमच्याकडे.

तुझा,
धाकटा

ता. क. – पत्राचं खरं कारण राहिलंच. त्या दिवसापासून बाबांना रसायनशास्त्राची पुन्हा गोडी लागली आहे. अंड्याची टरफलं झाली, शिंपले झाले, खडू झाले, मामांच्या पोटाच्या गोळ्या झाल्या. आमच्या ओट्याचा ग्रॅनाइट फसफसला नाही म्हणून दोन दिवस नाराज होते. त्यांना महिनाभर तुझ्याकडे ठेवून घेशील का?

ता. क. २ – तुझ्या नव्या घराची फरशी खरी संगमरवरी आहे की नुसती दिसते, असं ते विचारत होते. एका थेंबात कळतं म्हणाले.

ता. क. ३ – पत्र टाकायला निघालो तर बाबांची पिशवी जागेवर नाही. ॲसिडची बाटलीही नाही. सकाळच्या गाडीनं गेलेले दिसतात. तेव्हा वरची विनंती ही विनंती न समजता बातमी समजावी.