त्याच नावाची आणखी एक

घाटनांदूर,
९ डिसेंबर २०२५

चि. शिवांजलीस अनेक आशीर्वाद.

नर्सिंगचं शेवटचं वर्ष, त्यात रात्रपाळ्या. वेळेवर जेवतेस ना? मी बरी आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. तुझे फोन येत होते, मी मुद्दामच उचलले नाहीत. बोलायला लागले असते तर रडले असते, म्हणून लिहिते.

आपलं सावली ग्रामविकास प्रतिष्ठान लोकांच्या तोंडी नुसतं एस.जी.पी. आणि जिल्ह्यात एस.जी.पी. आता उदंड झाल्यात. एक बोअर पाडून देते, एक पीकविमा भरते, एक तर कबड्डीचा संघ आहे. मध्यंतरी एक आजोबा बोअरला पाणी लागलं नाही म्हणून माझ्याशी तासभर भांडले. मी चहा पाजला, तर म्हणाले, चहा बरा आहे, पण मशीन पुन्हा पाठवा. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस.

दिवाळीनंतर मात्र हसणं संपलं. पलीकडच्या तालुक्यातल्या अशाच एका एस.जी.पी.च्या वसतिगृहात मुलींना विषबाधा झाली, चौकशी लागली. मोबाईलवर फिरलेल्या बातमीत तेवढी तीन अक्षरंच होती. ऊसतोडीला गेलेले आईबाप कारखान्यांवरून परत आले आणि आपल्या वसतिगृहातून मुलींना घेऊन गेले. मी पाटी दाखवली, कागद दाखवले, हात जोडले.

तुझे बाबा सगळ्यांत शेवटी आले. शांतपणे म्हणाले, "ताई, तुमी वाईट न्हाईत. पन नाव तेच हाय. उद्या पोरीला काय झालं तर लोक माझ्याच तोंडात शेण घालतील." ईश्वरी दाराला धरून उभी होती. मला अडवता आलं नाही.

हो, तुझी बहीण इथे नाही. घरच्यांनी तुला कळवलं नसणार. पण एवढंच असतं तर मी फोन उचलला असता.

मुकादमाला एक कोयता, म्हणजे तोडणीला नवरा-बायकोची एक जोडी, कमी पडत होती. त्यांच्या टोळीतल्या अंगदला एकट्याला अर्धा कोयता धरायचे. बायको आली की पूर्ण. तिथेच ईश्वरीचं त्याच्याशी लग्न लावलं. पंधरा वर्षांची पोर गं.

मी माजलगावकडे त्या फडावर गेले. ती उसाच्या मोळ्या बांधत होती. माझ्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि परक्यासारखं विचारलं, "कोन पायजे तुमाला?" ती घाबरली होती, मला कळत होतं.

तिथून थेट तालुक्याला तक्रार द्यायला गेले. साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "एस.जी.पी. ना? आधी तुमची चौकशी संपू द्या."

स्वयंपाकाच्या कडूबाईंनाही आता घरी पाठवलंय. खोल्या रिकाम्या आहेत आणि पुन्हा भरतील असं वाटत नाही. माझं काही चालेल अशी आशाही उरली नाही. तू सख्खी बहीण आहेस, तुझं म्हणणं घरचे कदाचित ऐकतील. कदाचितच. निदान एकदा त्या फडावर जाऊन ये. तुला तरी ती ओळख देईल.

जिच्या भरवशावर तू तिला ठेवून गेलीस ती,
वनमालाताई