तीन नंबरची काचबशी

बाई, आज एका मासिकात वाचलं, की प्रयोगशाळेत हाड वाढवताना कॅल्शियम थोडं वाढवलं तर हाडाच्या पेशी जोमानं वाढतात आणि फार झालं तर मरतात. थोडं म्हणजे किती, यावर मात्र लिहिणाऱ्यांचंच एकमत दिसलं नाही. मासिक मिटलं आणि मी मनानं अमरावतीच्या कॉलेजातल्या आपल्या कोपऱ्यातल्या खोलीत जाऊन उभी राहिले.

साठ सालानंतरचे ते दिवस. मी धामणगावहून आलेली, एम.एस्सी.ची विद्यार्थिनी. तुम्ही प्राणिशास्त्र शिकवत होतात आणि डॉक्टरेटसाठी कोंबडीच्या अंड्यातल्या पिल्लाच्या मांडीचं कोवळं हाड काचेच्या बशीत जिवंत ठेवायचा खटाटोप करत होतात. तीन बशा, काचेवर शाईनं घातलेले आकडे. पहिलीत कॅल्शियम कमी, दुसरीत बेताचं, तिसरीत जास्त. ऊबपेटीत ओला कापूस, त्यामुळे काचेवर सदा घाम. शिपाई कुरकुरतो, "बाई, किती अंडे फोडून राहिल्या तुमी. अंडेवाली मले इचारते, घरी लगन आहे काय?" तुम्ही हसत नाही. मग एके सकाळी सूक्ष्मदर्शकावरून डोकं न उचलता मला जवळ बोलावता.

दुसरीतल्या पेशी आक्रसून मेल्या होत्या. तिसरीत मात्र हाडाभोवती दाट पसरल्या होत्या. आपल्या अपेक्षेच्या अगदी उलट.

"कॅल्शियमचं वजन तूच केलंस ना?"

"हो, बाई. बरोबरच केलं, असं वाटते मले."

"वाटणं वहीत लिहायचं नसतं," तुम्ही म्हणालात, आणि दिसलं तसं लिहून मुंबईच्या मार्गदर्शकांना कळवलंत.

त्यांनी पुन्हा करून पाहायला सांगितलं. वर्षभर आपण करत राहिलो. तिसरीत पुन्हा कधी तशा पेशी वाढल्या नाहीत. तुम्ही विहिरीच्या पाण्यावर शंका घेतलीत, अंड्यांवर, स्वतःच्या हातांवर. शेवटी विषयच सोडलात आणि निवृत्तीपर्यंत मुलांना बेडूक कापायला शिकवलंत.

मी अकोल्याला नोकरीवर निघाले त्या दिवशी तुम्ही काचेवर लिहायची मेणाची पेन्सिल माझ्या हातात ठेवलीत. "शाई पुसली जाते," एवढंच म्हणालात. तुम्हांला कळलं होतं का? की निरोपाला काहीतरी द्यायचं म्हणून दिलीत? इतक्या वर्षांत मला ठरवता आलेलं नाही. आज वाचताना वाटलं, तिसरी बशी खरीच असेल. पान उलटलं आणि वाटलं, नसेल.

हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणूनच लिहू शकते आहे. तिसरीत पेशी दिसल्या त्या सकाळी मी ऊबपेटी उघडली तेव्हा बशांवरचे दोन आणि तीनचे आकडे घामानं पुसले गेले होते. तुम्ही यायच्या आत मी ते अंदाजानं पुन्हा घातले.